कुलर बंद करून ऐकावेत असे अल्बम सुचवा

गोदाकाठ (नांदेड)

राम राम मंडळी.

थोरल्या भावानं घर बदललं आणि त्याचा जुना अँप्लिफायर, सीडी प्लेअर आणि लाकडी खोक्यातले दोन स्पीकर माझ्याकडं आले. मागच्या शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर 'कॉल ऑफ द व्हॅली' लावला. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. १९६७ चा अल्बम. कॉलेजात असताना याची कॅसेट मी अक्षरशः झिजवली होती, त्यामुळं आता यात नवीन काय सापडणार असं वाटत होतं. दिवसभराच्या उन्हानं भिंती तापलेल्या, कुलर फुल्लवर.

तेवढ्यात टाकीतलं पाणी संपलं आणि पंप कोरडा घरघरायला लागला. उठून बटण बंद केलं, म्हटलं हा राग संपला की पाणी भरू.

खोलीच बदलली हो. तारेवर कलम (संतूर वाजवायची काडी) पडल्याचा बारीक 'टक्' वेगळा आणि त्याच्यामागून पसरत जाणारा सूर वेगळा. गिटारीची मींड तारेवरून घसरत जाते ते घसरणंसुद्धा ऐकू यायलंय. माणिकराव पोपटकरांच्या डग्ग्याची घुमक विरत विरत कुठवर जाते ते पहिल्यांदा कळलं. बनियन घामानं चिंब झालं, पण पाणी भरायला उठलो नाही. रात्री दीड वाजता पहाडी संपला तेव्हा उठलो, तोवर सगळा अल्बम दोनदा झाला होता.

तर प्रश्न असा. ऐन मे महिन्यात, आपल्या मराठवाड्यात, ज्याच्यासाठी तुम्ही कुलर बंद कराल असा अल्बम कोणता? चांगली गाणी तर खंडीभर आहेत. मला ध्वनिमुद्रण अप्रतिम असलेले अल्बम पाहिजेत. शास्त्रीय, मराठी, हिंदी, इंग्रजी, काहीही चालेल.

बालाघाटी (बीड)

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता आमच्याकडं लाइट नाही.

दौलताबादी (संभाजीनगर)

एक नंबर धागा. माझं उत्तर तयार आहे: पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून', १९७३. अॅबे रोड स्टुडिओत अॅलन पार्सन्सनं ध्वनिमुद्रित केलेला. सुरुवातीला जे हृदयाचे ठोके येतात ना, ते माझ्या कॅसेटवर कधी ऐकूच आले नाहीत, टेपच्या सूं आवाजात बुडून जायचे. कॅसेट गुलमंडीवरून घेतली होती, १९९१ साली. पुढं १५ वर्षांनी सीडी ऐकली तेव्हा कळलं की गाणं सुरू होण्याच्या आधीच अल्बम सुरू झालेला असतो.

आणि ती घड्याळं! एकदम सगळी घड्याळं वाजायला लागतात, ती पार्सन्सनं एका घड्याळाच्या दुकानात जाऊन एकेक करून मुद्रित केली होती. आमच्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं लावली तेव्हा आई स्वयंपाकघरातून धावत आली होती, काय पडलं म्हणून.

दुसरा, डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स', १९८५. डिजिटल टेपवर मुद्रित झालेल्या सुरुवातीच्या मोठ्या अल्बमांपैकी एक, आणि दहा लाखांवर खपलेली पहिली सीडी. शेवटच्या शीर्षकगीतातली गिटार ऐकायची असेल तर कुलरच काय, भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढून ठेवा.

मध्यमलहर (परभणी)

सर्वांना नमस्कार. वयानं थोडा मोठा आहे, म्हणून वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

आमच्या घरी १९७२ साली व्हॉल्व्हचा रेडिओ होता. पेटीवर लोकरीनं विणलेलं कव्हर. त्याच्यावर मी भीमसेन ऐकले, कुमार ऐकले, माणिक वर्मा ऐकल्या. दुष्काळाचं वर्ष, विहिरीला पाणी नाही, वडील दिवसभर रोजगार हमीच्या कामावर मुकादम. रात्री अंगणात बाज टाकून तो रेडिओ ओसरीच्या खिडकीत ठेवायचे. खरखर होती, मधून मधून स्टेशन जात होतं. तरी मालकंस ऐकताना वडिलांच्या डोळ्यांतून पाणी आलेलं मी बघितलंय.

त्यामुळं ध्वनिमुद्रणाची इतकी चिकित्सा मला पटत नाही. गाणं पोचायचं तर फाटक्या स्पीकरातूनही पोचतं. ज्याचा कान गाण्यात असतो त्याला खरखर ऐकू येत नाही.

गंजगोलाई (लातूर)

काकांशी सहमत. माझ्याकडं हजार रुपयांचे ब्लूटूथ इयरफोन आहेत, मस्त बास येतो. यापेक्षा जास्त काय असतंय?

डेसिबल (मूळ जालना, सध्या मुंबई)

मी २० वर्षं रेकॉर्डिंगच्या धंद्यात आहे, धागा बघून राहवलं नाही.

आधी मध्यमलहर काकांना. तुमचं म्हणणं मी खोडणार नाही, पण एक सांगतो. रेडिओच्या मध्यम लहरीवर (मीडियम वेव्ह) साधारण साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं काही येतच नाही. माणसाचा कान तरुणपणी २०,००० पर्यंत ऐकतो. म्हणजे तंबोऱ्याच्या जवारीतला वरचा सगळा झगमगाट तुमच्या रेडिओनं कापून टाकला होता. तरीही वडील रडले. याचा अर्थ उरलेल्या भागातच भीमसेनजींचा आवाज किती होता बघा! आता तेच गाणं पूर्ण ऐकायला मिळालं असतं तर? माझा एवढाच प्रश्न आहे.

गोदाकाठ, तुमच्या कुलरचं कारण सोपं आहे. चांगल्या ध्वनिमुद्रणात सगळ्यात मोठा आवाज आणि सगळ्यात बारीक आवाज यांच्यात खूप अंतर असतं. सीडीवर हे अंतर ९६ डेसिबलपर्यंत जाऊ शकतं, साध्या कॅसेटवर पन्नास-पंचावन्नच्या घरात. कॅसेटची टेप सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर सरकते आणि स्टुडिओतली टेप ३८ सेंटिमीटर. टेप जितकी जोरात पळते तितकी जागा आवाजाला जास्त मिळते. तर तुम्ही कॅसेटवरून सीडीवर आलात, अंतर वाढलं, पण खालचे सगळे बारीक आवाज कुलरनं झाकून टाकले. फोनवर आवाज मोजायचं अॅप असतं, कुलर चालू आणि बंद असताना मोजून बघा.

माझ्याकडून एकच अल्बम, कारण यापुढं बाकीचे मला फिके वाटतात: 'अ मीटिंग बाय द रिव्हर'. आपले मोहनवीणावाले विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकेचे गिटारवाले राय कूडर. सप्टेंबर १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बारा इथल्या एका चर्चमध्ये मुद्रित झाला. दोघांची ओळखसुद्धा मुद्रणाच्या थोडा वेळ आधी झालेली. तालीम नाही, ठरवाठरवी नाही. तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी, आणि कूडरचा कोवळ्या वयातला मुलगा जोआकिम हातानं वाजवायच्या एका अरबी तालवाद्यावर. कविचंद्रन अलेक्झांडर या माणसानं तो व्हॉल्व्हच्या यंत्रांवर, ब्लुमलाइन पद्धतीनं मुद्रित केला. म्हणजे काय, तर दोन माइक एकाच जागी, एकमेकांशी काटकोनात, आणि दोन्ही माइक पुढचंही ऐकणार आणि मागचंही. ही पद्धत अॅलन ब्लुमलाइन या इंग्रज इंजिनियरनं १९३१ मध्येच शोधून ठेवली होती. प्रत्येक वाद्याला वेगळा माइक नाही, नंतर जुळवाजुळव नाही. वादक जिथं बसले तिथंच ते तुमच्या खोलीत बसतात, त्यांच्यामागं चर्चची भिंत असते. १९९४ ला ग्रॅमी मिळालं. पण ते राहू द्या, पहिली पाच मिनिटं ऐका.

दौलताबादी (संभाजीनगर)

+१. मी हा गाण्यासाठी ऐकत होतो, माइकची गोष्ट माहीत नव्हती. आज परत ऐकतो.

बालाघाटी (बीड)

लाइट आली. सविस्तर लिहितो म्हणलो होतो.

मी गझलवाला माणूस. जगजीतसिंग आणि चित्रासिंग यांचा 'बियाँड टाइम', १९८७. डिजिटल मल्टिट्रॅकवर मुद्रित झालेला पहिला भारतीय अल्बम म्हणून तो ओळखला जातो. रेकॉर्डिस्ट दमन सूद, मुंबईचा वेस्टर्न आउटडोअर स्टुडिओ. जगजीतच्या आवाजात जो खर्ज आहे तो त्यात असा येतो की माणूस समोरच्या खुर्चीत बसून बोलतोय असं वाटतं. शब्द संपताना ओठ मिटतात ते कळतं.

आता माझी तक्रार. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या गझल अल्बमची 'नवी, सुधारित' आवृत्ती घेतली. कंपनीचं नाव घेत नाही. घरी येऊन लावली तर पहिल्या शेरापासून शेवटच्या शेरापर्यंत एकाच उंचीचा आवाज! हळू म्हणलेली ओळही तेवढीच मोठी, सारंगीचा तुकडाही तेवढाच मोठा. दहा मिनिटांत डोकं दुखायला लागलं. जुनी सीडी लावली, डोकं उतरलं. याला काय म्हणायचं?

डेसिबल

याला आमच्यात 'विटेसारखं' म्हणतात. रेकॉर्डिंगचा आलेख पडद्यावर बघितला तर चांगल्या ध्वनिमुद्रणात डोंगर-दऱ्या दिसतात. हे असं दाबून मोठं केलेलं असलं की सरळ विटेसारखा ठोकळा दिसतो. नव्वदच्या दशकानंतर सगळीकडं ही खोड लागली. दुसऱ्याच्या गाण्यापेक्षा आपलं गाणं मोठं वाजलं पाहिजे म्हणून बारीक आवाज वर खेचायचे आणि मोठे आवाज छाटायचे. मेटॅलिका या रॉक बँडच्या २००८ च्या अल्बमवर तर चाहत्यांनीच बोंब केली होती, इतका तो छाटलेला होता.

म्हणून 'कोणता अल्बम' एवढं विचारून भागत नाही, 'कोणत्या साली निघालेली प्रत' हेही विचारा. 'काइंड ऑफ ब्लू' घ्या, माइल्स डेव्हिसचा, १९५९. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ एका जुन्या चर्चमध्ये होता, तिथं मुद्रित झालेला. पहिल्या सत्रात टेपचं मुख्य मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू फिरलेली टेप बरोबर वेगानं वाजवली की सूर चढतो. त्यामुळं पहिली बाजू ३० वर्षांहून जास्त काळ जगभर थोड्या चढ्या सुरात विकली गेली, नव्वदच्या दशकात ती दुरुस्त झाली. दोन्ही प्रती ऐकल्या तर फरक कळतो.

गंजगोलाई (लातूर)

सर, म्हणजे जगभरातले वादक ३० वर्षं रेकॉर्डबरोबर रियाज करताना आपलीच वाद्यं बिघडली म्हणून पिळत बसले असतील!

डेसिबल

हा हा. पट्टी लावताना घोळ नक्कीच झाला असणार.

अंबानगरी (अंबाजोगाई)

नमस्कार. या विषयावर बायका लिहीत नाहीत असं कोणी म्हणायच्या आत लिहिते.

किशोरीताई आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी. 'सहेला रे' त्यातलंच. आमच्या मामांकडं होती, सुट्टीत गेले की पिशवीतून काढून दोन्ही हातांच्या तळव्यांत कडेनं धरायची, बोट उमटलं तर मामा जेवायला वाढायचे नाहीत. आजच्या हिशोबानं ते ध्वनिमुद्रण फार झगमगीत नाही. पण त्यात एक गोष्ट आहे जी मला पुढं फार कमी ठिकाणी सापडली. तंबोरा. तंबोरा मागं कुठंतरी घुमत नाही, ताई तंबोऱ्याच्या आत बसून गातात असं वाटतं. त्यांचा गंधार लागतो तेव्हा तो आधी तंबोऱ्यात होताच आणि त्यांनी फक्त दाखवला, असं होतं. हल्ली मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये तबला छातीवर आदळतो आणि तंबोरा शोधावा लागतो.

माझा एक प्रश्नही आहे, जाणकारांनी सांगावं. माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. गावाकडं त्यांचं भजनी मंडळ आहे, ४० वर्षांहून जास्त झाली. दर एकादशीला मारुतीच्या देवळात बसतात. मंडळातले तिघं मागच्या पाच वर्षांत गेले. वडिलांचा आवाज अजून खडा आहे, पण किती दिवस? भाऊ मोबाइलवर रेकॉर्ड करतो, त्यात झांजांशिवाय काही ऐकू येत नाही, पखवाज तर लाकडी फळीवर मारल्यासारखा येतो. मला ते नीट जपून ठेवायचंय. काय करू?

तुळजाई (धाराशिव)

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर डेसिबल सर देतील. मी आपलं संबळाचं बोलतो, कारण आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गोंधळ आहे.

संबळ रेकॉर्डिंगमध्ये नीट येणं ही फार अवघड गोष्ट आहे. दोन भांडी, एक बारीक बोलणारं, एक घुमणारं. काठ्याही दोन, एक सरळ आणि एक टोकाला वाकवलेली. काठी कातड्यावर पडते तो क्षण इतका छोटा आणि इतका तीक्ष्ण असतो की बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये तो बोथट होऊन जातो. मग संबळ डबड्यासारखं ऐकू येतं. देवळासमोर रात्री दोन वाजता, दिवटीच्या उजेडात, दहा फुटांवरून संबळ ज्यानं ऐकलंय त्याला ते डबडं सहन होत नाही.

मला त्यातल्या त्यात 'जोगवा' आवडला, अजय-अतुल, २००९. 'लल्लाटी भंडार' चांगल्या स्पीकरवर ऐका, काठीला धार आहे. त्यांचंच २००४ चं 'मल्हारवारी' पण. माझे चुलते कधी कुणाच्या गाण्याला चांगलं म्हणत नाहीत, ते ऐकून म्हणले, "वाजवणारा बसलेला दिसायलाय."

गंजगोलाई (लातूर)

मग 'सैराट' पण घ्या की! २०१६. त्यातला वाद्यवृंद लॉस एंजेलिसला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित झालाय. हलगीचा ताल आणि मागं एवढे व्हायोलिनवाले. आमच्याकडं वरातीत डीजेवर वाजतंय तेव्हा मात्र व्हायोलिन कुठं जातंय कळत नाही.

मध्यमलहर (परभणी)

डीजेचं नाव काढलंत म्हणून सांगतो. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतून वरात गेली, खिडकीच्या काचा थरथरल्या. माझ्या दोन महिन्यांच्या नातीला घेऊन सूनबाई आतल्या खोलीत दार लावून बसली. तो आवाज संगीत म्हणून ऐकून ऐकून पोरांचे कान खराब व्हायलेत, याची काळजी वाटते.

गंजगोलाई (लातूर)

काका, मनापासून सांगतो, मलाही आता ते सहन होत नाही. मागच्या लग्नात दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती.

डेसिबल

गंजगोलाई, ही शिट्टी हलक्यात घेऊ नका. कानातल्या बारीक केसांच्या पेशी मेल्या की परत येत नाहीत. पुढच्या वरातीत कानात बोळे घाला, लाज वाटून घेऊ नका. आम्ही सगळे घालतो.

अंबानगरी ताई, तुमच्यासाठी नीट लिहितो.

महागडं काही लागत नाही. हातात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर मिळतो, वर दोन माइक असतात. तो घ्या किंवा ओळखीत कोणाकडून दोन दिवस मागा. मग असं करा. २४ बिटवर ठेवा. आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करा, मोबाइलमध्ये सगळा घोळ तिनंच होतो: झांज वाजली की ती वडिलांचा आवाज खाली दाबते. झांजा सगळ्यात जोरात वाजत असतील तेव्हा काटा उणे बाराच्या आसपास राहिला पाहिजे, त्याच्यावर नको. देवळातला लाउडस्पीकर बंद करायला सांगा. पंखे बंद. झांजवाल्यांना मागं बसवा, वडील पुढं, पखवाज त्यांच्या उजव्या हाताला थोडा तिरपा. रेकॉर्डर स्टँडवर, वडिलांच्या तोंडाच्या उंचीपेक्षा किंचित वर. जमिनीवर ठेवू नका. देऊळ दगडी असेल तर जवळ जा, नाहीतर घुमारा सगळं खाऊन टाकेल. आधी पाच मिनिटं मुद्रित करा, तिथंच हेडफोनवर ऐका, हलवा, परत ऐका. जागा सापडायला अर्धा तास लागला तरी लागू द्या.

एका माणसाला विसरू नका, जो देवळाच्या दाराशी उभा राहून बोलणाऱ्यांना गप्प बसवेल.

बालाघाटी (बीड)

ताई, तो रेकॉर्डर माझ्याकडं आहे. मुशायऱ्यांसाठी घेतला होता. बीडहून अंबाजोगाई काही लांब नाही, एकादशीच्या आधी आणून देतो.

अंबानगरी (अंबाजोगाई)

दादा, काय बोलू! व्यक्तिगत संदेश पाठवते.

दौलताबादी (संभाजीनगर)

'अ मीटिंग बाय द रिव्हर' परत ऐकला. डेसिबल, तुम्ही म्हणालात तसं मागच्या भिंतीकडं लक्ष देऊन. आहे हो भिंत! मोहनवीणेची तार सुटते आणि तिचा आवाज कुठंतरी लांब जाऊन परत येतो.

आणखी एक सुचवतो, 'मेकिंग म्युझिक'. झाकीर हुसेन, हरिप्रसाद, जॉन मॅक्लॉफ्लिन आणि नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गारबारेक. १९८७ चा. ईसीएम कंपनीनं ऑस्लोमध्ये मुद्रित केलेला. यात शांतता हेच पाचवं वाद्य आहे. झाकीरभाई गेल्यापासून हा अल्बम लावला की मी बराच वेळ कुणाशी बोलत नाही.

तुळजाई (धाराशिव)

झाकीरभाईंचा डग्गा... जाऊ द्या. त्याच्यावर वेगळा धागा पाहिजे.

अंबानगरी (अंबाजोगाई)

थोडं अवांतर. आपल्याकडच्या गाणाऱ्यांचं चांगलं ध्वनिमुद्रण किती कमी आहे याचं मला वाईट वाटतं. पंडित नाथराव नेरळकर २०२१ मध्ये गेले. त्यांना समोर बसून ऐकलेलं माझ्या कानात आहे. नंतर मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यांमध्ये शोधलं, तर सूर सापडतो पण आवाजाचं वजन सापडत नाही. मुंबई-पुण्याला स्टुडिओ होते, कंपन्या होत्या. आपल्याकडं कीर्तनकार, भारुडवाले, कव्वाल, गोंधळी, एवढं सगळं, आणि मुद्रित झालं ते जत्रेतल्या कर्ण्याखाली. म्हणून वडिलांचं मला आत्ताच करायचंय.

मध्यमलहर (परभणी)

ताई, हे वाचून मी माझं पहिलं मत थोडं बदलतो. माझ्या वडिलांचा आवाज माझ्याकडं कुठंच नाही. ते फार सुंदर आरती म्हणत. आठवायला गेलो तर शब्द आठवतात, चाल आठवते, आवाज येत नाही. तेव्हा आमच्याकडं खरखरतं का होईना, काही यंत्र असतं तर मी तेसुद्धा सोन्यासारखं जपलं असतं. आणि नीट मुद्रित झालं असतं तर मग बोलायलाच नको.

गोदाकाठ (नांदेड)

धागाकर्ता दहा दिवसांनी हजर. सगळ्यांचे प्रतिसाद वाचून एक वही केली आहे. काय काय झालं ते सांगतो.

आधी माप. कुलर चालू असताना माझ्या फोनवर ६१, बंद केल्यावर ३३. मधल्या २८ डेसिबलमध्ये किती संगीत राहत होतं ते आता कळायलंय. मी आता पद्धत काढली आहे: दहा वाजेपर्यंत खोली कुलरनं गार करायची, फरशीवर पाणी मारायचं, मग दारं-खिडक्या लावून तासभर ऐकायचं. तेवढा वेळ निभतं.

'अ मीटिंग बाय द रिव्हर' चार रात्री ऐकला. तिसऱ्या रात्री आमच्या मुलानं, तो दहावीला आहे, येऊन बाजूला बसकण मारली. पहिलं वाक्य म्हणला, "बाबा, हे लोक कुठं बसलेत?" मी म्हटलं, तूच दाखव. त्यानं बोटानं दाखवलं: एक इथं, एक तिथं, तबला मधे थोडा मागं. स्पीकरांच्या मधल्या मोकळ्या भिंतीकडं बोट करून.

'बियाँड टाइम' रात्री बाराला. बालाघाटी, तुमचं बरोबर आहे, ओठ मिटतात.

'डार्क साइड'चे ठोके ऐकले. मला ते आपलं संगीत वाटत नाही, पण घड्याळं वाजली तेव्हा शेजारच्या काकूंनी सकाळी विचारलं.

'लल्लाटी भंडार' लावलं आणि आमच्या सौ. आतून येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर तुळजापूरकडचं. संपेपर्यंत बसल्या नाहीत.

किशोरीताईंची भूप अजून राहिली आहे. ती एलपीवरच ऐकायची असं ठरवलंय, भावाच्या माळ्यावर टर्नटेबल आहे म्हणे.

अंबानगरी (अंबाजोगाई)

काल एकादशी झाली. बालाघाटी दादा स्वतः आले होते, रेकॉर्डर घेऊन. जागा सापडायला पाऊण तास लागला. लाउडस्पीकर बंद करायला पुजारी तयार नव्हते, वडिलांनीच सांगितलं, "आज देवाला जवळून ऐकू द्या." दाराशी माझा भाचा उभा केला होता.

दोन तास मुद्रित झालं. आज दुपारी घरी एकटीनं ऐकलं. वडील अभंग सुरू करायच्या आधी घसा खाकरतात आणि अगदी हळू "हां, घ्या" म्हणतात. एवढी वर्षं शेजारी बसून मला ते कधी ऐकू आलं नव्हतं. पखवाजाची थाप आता थाप वाटते. एका अभंगात मधेच चिमण्या बोलतात, गाभाऱ्यावर घरटं आहे त्यांचं. तुकडा काढून इथं जोडला आहे, सहा मिनिटांचा.

गोदाकाठ (नांदेड)

कुलर बंद करून ऐकला, ताई. सौ. आणि मुलगा पण होते. "हां, घ्या" आम्हा तिघांनाही ऐकू आलं.

मध्यमलहर (परभणी)

ऐकलं. सुनेनं मोठ्या हेडफोनवर लावून दिलं. आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

डेसिबल

फार छान आलंय. थोडं सुचवतो: पखवाज अजून किंचित पुढं येतोय, पुढच्या एकादशीला त्याला दोन हात मागं सरकवा. आणि मूळ फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, आजच.

अंबानगरी (अंबाजोगाई)

ठेवली. एक माझ्याकडं, एक बालाघाटी दादांकडं. पखवाजवाले काका म्हणतात, दोन हात मागं गेलं की मला बुवांचा हात दिसत नाही, सम चुकेल. दीड हात चालेल का?

डेसिबल

चालेल.